उजवा कोपरा

पोतनीसांच्या बंगल्यातून आरसा आला
तो हातगाडीवर आडवा,
आणि जनकगंजची अख्खी गल्ली त्यात
उताणी पडून चालली होती:
विजेच्या तारा, अडकलेला पतंग,
गच्चीवरून वाकून बघणारं माकडाचं पिल्लू.

अण्णांनी आधी चौकटीवरून अंगठा फिरवला.
मग चष्मा लावला.
मग म्हणाले, हे माणसानं केलंय की वेलानं?

एक रेघ सरळ नाही.
पान वळतं, वळता वळता लाट होतं,
लाट शिंपल्यात शिरते, शिंपल्यातून
पितळेची फांदी निघते, फांदीच्या टोकाला
मेणबत्तीची वाटी, वाटीखाली लोलक.
सहापैकी चार.
आणि उजवा कोपरा नव्हताच.
तिथं वाळवीनं ठेवलेलं वीतभर खिंडार.

दिल्लीचा दलाल म्हणाला, "रोकोको है, मिस्त्री. ध्यान से."
अण्णांना ऐकू आलं, रोखू नको.
पुढे महिनाभर तेच चाललं:
रंधा बाजूला ठेव गं, हे रोखूनको काम आहे.

त्यांचा जन्म ओळंब्यात आणि गुण्यात गेलेला.
डावा हत्ती तुटला तर उजव्याला
कागदावर उलटा उतरवायचा.
जगातली निम्मी मोडतोड
उरलेल्या निम्म्यावरून वाचता येते,
हे मला त्यांनी आठव्या वर्षी शिकवलं.
इथं ते चालेना.
डावीकडे पक्षी. उजवीकडे पक्षी नाही,
नुसती, आत्ताच कुणी उडून गेल्यासारखी, हललेली फांदी.
कोरणाऱ्यानं कशाचीच जोड ठेवली नव्हती.
गेलेलं ते गेलेलंच.

तीन रात्री अण्णा न पेटवलेली विडी तोंडात धरून बसले.
मी म्हटलं, शिंपलाच करा ना तिथेही.
म्हणाले, मी समुद्र पाहिलाय कुठं?
आपला समुद्र म्हणजे सागरताल.

कार्तिकातली सकाळ. तलावाच्या वाटेवर रामकली
ओल्या गोणपाटावर शिंगाडे मांडून बसलेली.
अण्णांनी भाव विचारला नाही. एक उचलला,
उन्हात फिरवत राहिले:
दोन शिंगं, एक आत वळलेलं, एक बाहेर,
मधे हिरवट-जांभळी कूस.
"खाओगे कि ब्याह करोगे, दद्दा?" रामकली म्हणाली.
अण्णा तसेच निघाले, शिंगाडा मुठीत.

अक्रोडाच्या चौकटीत सागवानाचा तुकडा बसला.
वर मी सरस दिला, खडूचा लेप, लाल मातीचा हात,
आणि श्वास रोखून
(तेवढं मात्र रोखावंच लागतं)
सोन्याचा वर्ख.

दिवा धरून उभी होते तेव्हा पहिल्यांदा दिसलं,
अण्णांचा उजवा खांदा डाव्याहून
दोन बोटं खाली आहे.
पन्नास वर्षांचा रंधा.
ओळंबा लावला असता तर
त्यांनी स्वतःलाच परत पाठवलं असतं.

त्याच संध्याकाळी वीज गेली. वाट्यांत मेणबत्त्या लावल्या.
चार लोलकांचं पाणी भिंतीभर सांडलं,
आणि त्यात एक सावली, शिंगं हलवत.
शेजारचा पोरगा ओरडला, म्हैस!
अण्णा इतके हसले की विडी पडली.

दलालानं भिंग काढलं. कोपऱ्यापाशी थांबला.
मी अण्णांच्या मागे, वर्ख लावतानाचाच श्वास धरून.
"सीप अच्छी बनी है," तो म्हणाला.
अण्णांनी मान हलवली, धड हो नाही, धड नाही नाही.
नोटा मोजल्या तर दोनशे कमी निघाले.

आता तो आरसा कुठल्याशा हॉटेलात असेल.
कुणी त्याच्यापुढे टाय सरळ करत असेल,
आणि वर, उजवीकडे, जरासा वाकडा,
रामकलीचा तो शिंगाडा,
ज्याचे पैसे द्यायचे राहूनच गेले.